जुना कॉम्प्युटर : खोडवा ठेवावा की मोडावा?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या सदरात आपण बेणे, खते, पाणी, हुमणी असल्या विषयांवर नेहमी बोलतो. यावेळचा मथळा वाचून कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने कॉम्प्युटरच्या भानगडीत कशाला पडावे? शंका रास्त आहे. पण गटाच्या बैठका संपल्या की चहाच्या वेळी हल्ली खताइतकाच हा प्रश्न निघतो. "साहेब, पोरांच्या शाळेसाठी २०२० साली घेतलेला कॉम्प्युटर आता चालू व्हायलाच अर्धा तास घेतो. दुकानदार म्हणतो, यात काही राहिले नाही, नवा घ्या. काय करू?" कोणाचा दूध संकलन केंद्रावरचा आहे, कोणाचा खताच्या दुकानातला, कोणाचा विकास सोसायटीतला. नवा घ्यायचा म्हणजे एकरभर लागणीच्या खर्चाशी तुलना व्हावी अशी रक्कम. ती विचार न करता घालवू नये, तसेच मेलेल्या यंत्रावर थोडेथोडे करून तेवढीच रक्कमही जिरवू नये. म्हणून हा लेख.

आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. दरवर्षी तोड झाली की तुम्ही तो सोडवताच. खोडवा ठेवायचा की मोडून नवी लागण करायची? तिथे आपण काय पाहतो? बुडख्यांकडे पाहतो. शिफारस अशी की ज्या लागणीने हेक्टरी १०० टनांच्या वर, म्हणजे एकरी ४० टनांच्या वर उतारा दिला आणि जिथे हेक्टरी लाखभर ऊस उभे होते, त्याचाच खोडवा ठेवावा. थोड्या नांग्या असतील तर त्या रोपांनी भरून घ्याव्यात. काणी किंवा गवताळ वाढ शिरली असेल तर मात्र नांग्या भरून उपयोग नाही, तो फड मोडावाच लागतो. कॉम्प्युटरचेही नेमके असेच आहे. नांगी कुठे आहे आणि काणी कुठे आहे, एवढे ओळखता आले म्हणजे अर्धा निर्णय झाला.

आधी माल हलवा, मग यंत्राचे बघा

पण निर्णयाच्या आधी एक काम आहे आणि ते न करता कोणीही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये. यंत्र वेगळे आणि यंत्राच्या पोटातला माल वेगळा. यंत्र बाजारात मिळते. माल मिळत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातल्याच एका सभासदाची हकिकत सांगतो. नाव, गाव सांगत नाही. यांचा कॉम्प्युटर २०१३ सालचा. त्यात काय नव्हते? वाटणीपत्राचे स्कॅन, बांधाच्या दाव्याची सगळी कागदे, ठिबकचा नकाशा, माती परीक्षणाचे अहवाल, नऊ वर्षांचा प्लॉटवार उसाचा जमाखर्च, आणि वारलेल्या वडिलांचे फोटो. हे सगळे एकाच डिस्कवर, दुसरीकडे कुठेही नाही. डिस्कमधून 'कट-कट' असा आवाज यायला लागला. कॉम्प्युटर अडकायचा. नातू बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. चार दिवस असे चालले. पाचव्या दिवशी आवाज थांबला आणि डिस्कही थांबली.

शहरात अशा मेलेल्या डिस्कमधून माल काढून देणारे लोक आहेत. त्यांनी सांगितलेला आकडा नव्या कॉम्प्युटरपेक्षा मोठा होता आणि निघेलच याची हमी नव्हती. यांनी नाद सोडला. दाव्याच्या कागदांच्या नकला अर्ज करून, हेलपाटे घालून पुन्हा मिळाल्या, त्यात काही महिने गेले. जमाखर्च गेला तो गेला. फोटोंपैकी दोन-चार एका पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये निघाले.

मी विचारले, नवी डिस्क टाकायला काय आले? म्हणाले, त्याचे काही वाटले नाही साहेब, ते परवडले.

तेव्हा डिस्कमधून खट-खट, कट-कट असा ठरावीक आवाज आला, किंवा फाईल उघडायला मिनिटे लागू लागली, फाईल उघडताच यंत्र गोठू लागले, तर ते यंत्र त्या क्षणी बंद करावे. पुन्हा-पुन्हा चालू करून पाहणे हाच त्यातला घातक भाग. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि तिच्यावरून केसाहूनही कमी अंतर ठेवून एक वाचणारी सुई फिरते. ती बिघडलेल्या अवस्थेत जेवढी फिरेल तेवढा तबकडीवरचा माल खरवडला जाण्याचा धोका. जाणत्या माणसाकडून डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी आणि सगळे नको, आधी सर्वांत महत्त्वाचे तेवढे उतरवून घ्यावे. सिनेमे राहिले तरी चालतील.

बिघाड होण्याआधीची व्यवस्था म्हणाल तर आपण बेणेमळा वेगळा का ठेवतो, तेच इथे. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे मुलीच्या घरी म्हणा किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत म्हणा. पेन ड्राइव्हवर एकट्यावर भिस्त ठेवू नये, तो माल नेण्या-आणण्यासाठी आहे, वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नाही. आणि घेतलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी. बेणे उगवते का हे न पाहता आपण लागण करतो का?

नांग्या कोणत्या?

आता यंत्राकडे वळू. घरात आपण 'कॉम्प्युटर बिघडला' असे म्हणतो, पण कॉम्प्युटर म्हणून काही एक वस्तू बिघडत नाही. पेटीत सात-आठ सुटे भाग असतात आणि बिघडतो त्यातला एखादा. कोणता, ते कळेपर्यंत नव्याचा विचारसुद्धा करू नये.

सर्वांत स्वस्त बिघाडापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यापायी माणसे सर्वांत जास्त घाबरतात. कॉम्प्युटर चालू केला की तारीख मागची, कुठली तरी भलत्याच सालची दिसते. मग बँकेची साइट उघडत नाही, सात-बारा उघडत नाही, 'सुरक्षित नाही' असा इशारा येतो. घरातले म्हणतात, व्हायरस आला. व्हायरस वगैरे काही नसतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल, तीन व्होल्टचा एक सेल असतो, तो घड्याळ चालू ठेवतो. पाच-सात वर्षांत तो संपतो. तारीख चुकली की साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रे जुळत नाहीत म्हणून साइट उघडत नाही. सेल बदला, तारीख लावा, काम झाले. इतक्यावरून कॉम्प्युटर भंगारात गेलेले मला ठाऊक आहेत.

चालू करताना 'पीं-पीं' असा आवाज येतो आणि पडद्यावर काही नाही, तेव्हा बहुतेक वेळा रॅमची पट्टी सैल झालेली किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ चढलेला असतो. वीज पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन, ती कड शाळेच्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवली की बरेचदा भागते.

दहा-पंधरा मिनिटे चालतो आणि आपोआप बंद पडतो, पंखा विमानासारखा ओरडतो, हे लक्षण उष्णतेचे. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये भुसकट भरले की काय होते, ते आपल्याला सांगायला नको. आपल्या भागात तर गळीत हंगामात चिमणीची काजळी, त्यात कोणी पाचट पेटवले की त्याची राख, शिवाय रस्त्याची धूळ. (पाचट पेटवू नका हे मी गेली कित्येक वर्षे सांगतो आहे, त्याला आणखी एक कारण जोडून घ्या.) पेटी उघडून ब्लोअरने धूळ काढावी. मात्र हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा जो लेप असतो तो काही वर्षांत सुकतो, तोही नवा लावून घ्यावा. मजुरीसह हे काम फार महाग नाही. काही पेट्यांत पाली, मुंग्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी निघतात, त्याबद्दल वेगळे लिहीत नाही.

अजिबात चालूच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही, अशावेळी आधी बोर्ड, पिन, यूपीएस तपासावा. मग संशय एसएमपीएसवर, म्हणजे घरची वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी देणारा जो डबा असतो त्याच्यावर. तो बदलता येतो, खर्चही आवाक्यातला.

इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. विहिरीवरची मोटार वर्षात तीनदा जळली तर आपण काय समजतो? रिवाइंडिंगवाल्याला दोन वेळा शिव्या घालतो, पण तिसऱ्या वेळी शहाणा माणूस स्टार्टर, फेज आणि व्होल्टेज तपासतो. तसेच एसएमपीएस वर्षात दोनदा गेला असेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही, घरच्या विजेचा आहे. अर्थिंग आहे का? यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का, की तो नुसताच शोभेचा डबा झाला आहे? यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते. हे दुरुस्त न करता नवा कॉम्प्युटर आणलात तर त्याचेही तेच होणार. मोटार नवी, फ्यूज मात्र जाड तारेचा, यातला प्रकार.

आता राहिला सर्वांत मोठा प्रश्न, संथपणाचा. दहातले बहुतेक सभासद याच एका तक्रारीपायी नवा कॉम्प्युटर घ्यायला निघतात. आणि इथेच सर्वांत जास्त पैसा वाचू शकतो. जुनी फिरत्या तबकडीची डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, तर पाच-सहा वर्षांचा कॉम्प्युटर ओळखू न येण्याइतका बदलतो. एसएसडीत फिरणारे काही नसते, मोबाईलच्या मेमरीसारखीच ती असते. एका दूध संकलन केंद्रावर सकाळच्या पाळीला माणसे कॅन घेऊन रांगेत उभी आणि कॉम्प्युटर पावती काढायला मिनिट-मिनिट लावतो, अशी परिस्थिती होती. नव्या सेटचे कोटेशन आले होते, संचालक मंडळाचा ठरावही व्हायचा होता. सचिवांच्या पुतण्याने, जो आयटीआयला होता, आधी एसएसडी बसवून बघू म्हटले. ठरावाची गरज उरली नाही. रांग पूर्वीसारखी हलू लागली.

रॅम चार जीबी असेल तर आठ करावी, त्याचाही उपयोग होतो. पण त्यात एक फरक आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाही. एसएसडी उद्या नव्या यंत्रातही दुसरी डिस्क म्हणून लावता येते, म्हणजे ती सोबत येणारी वस्तू. रॅम तशी नाही. जुन्या डीडीआर-३ जातीची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसतच नाही. तेव्हा फार जुन्या यंत्रासाठी रॅमवर मोठी रक्कम घालताना दोनदा विचार करावा. शिवाय २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. मागच्या वर्षी शेजाऱ्याला कितीला पडली ते धरून चालू नये, त्या दिवसाचा भाव विचारावा.

काणी कुठे आहे?

मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात ती मोठी पाटी. तिच्यावरचे गोल डबीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, जळका वास आला, किंवा पावसाचे पाणी शिरून ती गंजली असेल, तर ही नांगी नव्हे. एखादा चांगला कारागीर कपॅसिटर बदलून देतो, ते वर्षभर चालतेही. पण आठ-दहा वर्षांच्या यंत्राला नवा मदरबोर्ड बाजारात सहजी मिळत नाही. मिळतो तो बरेचदा दुसऱ्या कोणाच्या मेलेल्या यंत्रातून काढलेला. आणि नव्या जातीचा मदरबोर्ड घ्यावा तर प्रोसेसर बदला, प्रोसेसर बदलला तर रॅम बदला, अशी माळ लागते. पेटी जुनी आणि आतले सगळे नवे. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, याला हप्त्याहप्त्याने नवा कॉम्प्युटर घेणे म्हणतात. इथे फड मोडावा.

लॅपटॉपचे गणित थोडे वेगळे. त्यात डिस्क, रॅम आणि बॅटरी बहुतेक जुन्या यंत्रांत बदलता येतात, पण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पाटीलाच डाक देऊन बसवलेली असते, ती वाढत नाही. घेतानाच विचारून घ्यावे. बॅटरी फुगून कीबोर्ड वर उचलला गेला असेल, तर त्या दिवसापासून तो चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तिला टोचू नये, दाबू नये.

दुसरे कारण यंत्राच्या आतले नसून बाहेरचे आहे. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणजे ती बंद पडली असे नाही, कॉम्प्युटर पूर्वीसारखाच चालतो. पण नव्याने सापडणाऱ्या चोरवाटा बुजवण्याचे नेहमीचे काम थांबले. पुढची विंडोज ११ घालावी म्हटले तर तिला किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. पिढी ओळखायची सोपी खूण अशी की, प्रोसेसरच्या नावात आय-३, आय-५ याच्यापुढे जो आकडा असतो त्याचा पहिला अंक सहसा पिढी सांगतो. ७४०० म्हणजे सातवी, ८४०० म्हणजे आठवी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक पाहावेत. ही आठवी पिढी २०१७ साली आली, तेव्हा त्याच्याआधीचा कॉम्प्युटर असेल तर तो इथे अडतो.

मग तो टाकायचा का? काय काम घेता त्यावर आहे. बँकेचे व्यवहार, सोसायटीचे सभासदांचे हिशेब असल्या कामाला आधार नसलेले यंत्र वापरू नये, हे माझे स्पष्ट मत. पण मुलाला टंकलेखन शिकायचे आहे, घरचा जमाखर्च लिहायचा आहे, तर त्यावर लिनक्सची एखादी मोफत प्रणाली घालून ते यंत्र आणखी काही वर्षे सुखाने चालेल. उबंटू आणि मिंट या त्यातल्या प्रसिद्ध जाती. सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, एवढेच.

हिशेब कसा करावा?

दुरुस्तीला किती आणि नव्याला किती, असे दोन आकडे समोरासमोर ठेवून बहुतेक जण ठरवतात. ते पुरेसे नाही. दर वर्षाला काय पडते ते काढावे. समजा एसएसडी, साफसफाई धरून ४,००० रुपये लागणार आणि यंत्र आणखी दोन वर्षे चालेल असा भरवसा आहे, तर वर्षाला २,००० पडले. नवा समजा ४०,००० चा आणि आठ वर्षे चालला, तर वर्षाला ५,०००. इथे दुरुस्ती बरी. पण तीच दुरुस्ती १२,००० ची आणि भरवसा एका वर्षाचा, तर वर्षाला १२,००० पडले. इथे डोळे झाकून नवा घ्यावा. मी स्वतः ठोकताळा असा धरतो की, गेल्या बारा महिन्यांत घातलेला आणि आता मागितलेला असा दुरुस्तीचा एकूण खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, तर ते यंत्र आजारी आहे असे समजावे.

यावर लगेच एक सभासद म्हणतील, "अहो, पण गेल्या दिवाळीला आठ हजार घातलेत, ते सोडून कसे देऊ?" हे आठ हजार परत येणार नाहीत, यंत्र ठेवले तरी आणि टाकले तरी. ते बारा महिन्यांत मोजायचे ते यंत्राची तब्येत कळावी म्हणून, यंत्र टिकवायचे कारण म्हणून नव्हे. गेल्या वर्षी खोडव्यात जास्त खत टाकले म्हणून काणी लागलेला फड यंदा ठेवतो असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? तरीही कॉम्प्युटरच्या बाबतीत शिकलेली माणसेसुद्धा असेच वागतात, हे पाहून नवल वाटते.

आणखी एक आकडा हिशेबात धरावा लागतो, तो खोळंब्याचा. घरच्या कॉम्प्युटरला आठ दिवस दुरुस्तीला टाकला तर काही बिघडत नाही. सोसायटीचा कॉम्प्युटर मार्चअखेर बंद पडला, तर वसुलीच्या नोंदी, दाखले, सगळेच थांबते आणि लोक दारात उभे. अशा ठिकाणचे यंत्र मरेपर्यंत वापरू नये. ते चालू असतानाच, हंगाम नसताना, नवे आणून शेजारी लावावे. महिनाभर दोन्ही चालवावीत आणि मग जुने मागे घ्यावे.

कारण नव्या यंत्राचे छुपे खर्च असतात. नवा ट्रॅक्टर घेतला म्हणून जुना नांगर त्याला बसतोच असे नाही. जुना ठोक्याचा प्रिंटर ज्या रुंद खाचेत लागायचा, ती खाच नव्या कॉम्प्युटरला बहुधा नसतेच. वजनकाटा किंवा दुधाचे फॅट मोजणारे यंत्र ज्या वायरीने जोडलेले असते, तिलाही वेगळा जोड घ्यावा लागतो. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर विकणारा माणूस कधी कधी सापडतच नाही, आणि त्याची कुलूप-किल्ली त्या जुन्याच यंत्राशी बांधलेली असते. मराठी अक्षरांचे तर विचारूच नका. जुन्या काळी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा निरनिराळ्या वळणांत टाइप केलेली पत्रे नव्या यंत्रावर उघडली की तो फाँट नसल्यामुळे निव्वळ गिचमिड दिसते. मजकूर गेलेला नसतो. फाँट सोबत न्यावा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. खरेदीच्या आधी या सगळ्याची चिठ्ठी करून दुकानदाराकडून प्रत्येक गोष्टीला 'होय' लिहून घ्यावे.

मधला मार्ग

नवा परवडत नाही आणि जुना मेला आहे, अशांसाठी वापरलेल्या यंत्रांचा बाजार आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षे वापरून कॉम्प्युटर बदलतात, तेच साफसूफ करून विकले जातात. मजबूत यंत्रे असतात आणि नव्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात. मात्र बैल घेताना दात पाहतो तसे दात पाहावेत. पिढी आठवीच्या पुढची आहे का? पक्के बिल आणि लेखी हमी किती महिन्यांची? डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा मोफत कार्यक्रम आहे, तो समोर चालवायला सांगावे. डिस्क एकूण किती तास चालली आणि तिची प्रकृती कशी आहे, हे तो दाखवतो. 'दाखवायची गरज नाही' म्हणणाऱ्या दुकानातून उठून यावे. घरच्या कॉम्प्युटरवरही हा कार्यक्रम वर्षातून दोनदा चालवून पाहावा, म्हणजे त्या कट-कट आवाजाची वाट पाहायला नको. एसएसडी तर मरताना आवाजही करत नाही.

दुरुस्तीला जाताना काय होते, कधीपासून होते, किती वेळाने होते, हे कागदावर लिहून न्यावे. दुरुस्तीनंतर काढलेला जुना भाग मागून घ्यावा, विशेषतः डिस्क. तिच्यावर आधार कार्ड, पासबुक, सह्यांचे स्कॅन असतात आणि नुसते पुसून टाकल्याने ते जात नाहीत. जाणत्याला ते परत काढता येतात. यंत्र विकायचे किंवा कोणाला द्यायचे असले तरी डिस्क काढून घ्यावी, नाहीतर ती पूर्णपणे पुसणाऱ्या कार्यक्रमाने पुसून द्यावी.

उरलेला सांगाडा उकिरड्यावर टाकू नये. तांबे काढण्यासाठी वायरी आणि पाट्या जाळल्या की त्यातले शिसे आणि विषारी धूर आपल्याच मातीत आणि पोरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यास तो कुठे घेतात हे कळते. दहा-बारा घरांचा माल एकत्र केला तर एका खेपेत पोहोचवता येईल. गट कार्यालयात कोणी नावे नोंदवली, तर आपल्या विभागाकडून त्यासाठी एखादा दिवस ठरवता येईल.